हेडसेटचा प्रश्न नंतर, आधी ती ‘एफडी’ पाहू

यावल तालुक्यातील एका ३४ वर्षांच्या केळी उत्पादकाचे पत्र आले आहे. पाच एकर बाग, घरात पत्नी, सहा वर्षांची मुलगी आणि आई-वडील. त्यांचा प्रश्न असा: व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधायचे, आभासी जग दाखवणारे यंत्र) हेच गेमिंगचे भविष्य आहे असे सगळीकडे ऐकू येते, तेव्हा जळगावात काव्यरत्नावली चौकाच्या परिसरात गाळा भाड्याने घेऊन चार हेडसेटचे गेमिंग सेंटर काढावे काय? भांडवल १२ लाख रुपये. त्यातले ५ लाख यंदाच्या कांदेबागेचे (म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी लावलेल्या केळीचे), ४ लाख घरातले सोने तारण ठेवून आणि ३ लाख शालकांकडून हातउसने. पंधरा मिनिटांच्या खेळाला १५० रुपये आणि दिवसाला ६० गिऱ्हाइके, असा त्यांचा हिशेब आहे. पत्राच्या शेवटी ते लिहितात: “बाकी काळजी नाही, कारण बँकेत पंधरा वर्षांची एफडी आहे. वर्षाला दीड लाख दहा वर्षे भरायचे, शेवटी २६ लाख मिळणार. तीन हप्ते झाले, चौथा दोन महिन्यांनी आहे. हप्ता पीककर्जातून परस्पर वळता होतो, त्यामुळे खिशाला जाणवत नाही. खते-औषधे कृषी केंद्रातून उधारीवर येतात.”

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी देणार आहे. परंतु तुमच्या घराला खरा धोका हेडसेटपासून नसून या शेवटच्या चार ओळींपासून आहे, म्हणून आधी तिकडे वळतो.

तुम्ही ज्या कागदाचा फोटो पाठवला आहे, त्यावर ‘पॉलिसी शेड्यूल’ असे छापलेले आहे. खाली ‘प्रीमियम भरण्याची मुदत १० वर्षे’ आणि ‘विमा रक्कम १५ लाख’ असे दोन रकाने आहेत. मुदत ठेवीला प्रीमियम नसतो आणि विमा रक्कमही नसते. ही एफडी नाही. ती आयुर्विम्याची पॉलिसी आहे आणि बँकेने ती विमा कंपनीच्या वतीने, कमिशन घेऊन तुम्हाला विकलेली आहे. मला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढच्या पानावर दिसली. सगळा मजकूर इंग्रजीत आहे, तुमची सही देवनागरीत आहे आणि वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात ‘८ लाख’ हा आकडा वेगळ्याच हस्ताक्षरात भरलेला आहे. पत्रात तुम्ही स्वतः लिहिता की खर्च वजा जाता चांगल्या वर्षी साडेचार लाख उरतात. पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी आलेल्या शेतकऱ्यापुढे, त्याला वाचता न येणाऱ्या भाषेतला कागद ठेवून ‘एफडी करून देतो’ असे सांगणे ही फसवणूक आहे, आणि तिला सौम्य शब्द वापरण्याची माझी तयारी नाही. पीककर्ज मिळण्यासाठी जीवन विम्याची पॉलिसी घेणे सक्तीचे नसते, हे तुमच्या गावातल्या इतरांनाही अवश्य सांगा.

आता आकडे. वर्षाला दीड लाख याप्रमाणे दहा वर्षे भरून पंधराव्या वर्षाच्या शेवटी २६ लाख मिळणार असतील, तर परतावा दरसाल साडेपाच टक्क्यांच्याही आत पडतो. तेवढीच रक्कम त्याच वर्षांत पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, टाकली असती, तर आजच्या ७.१ टक्के दराने पंधरा वर्षांनी ३१ लाखांच्या आसपास झाले असते. हा दर सरकार बदलू शकते, हे खरे आहे. पण पाच लाखांचा फरक लहान नव्हे.

तरीही परतावा कमी आहे ही दुय्यम बाब आहे. पैसा येतो कोठून, ते पाहा. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडले, तर केंद्र आणि राज्य यांच्या व्याज सवलतींमुळे ते शेतकऱ्याला जवळजवळ बिनव्याजी पडते. आपल्या राज्यात शेतकऱ्याला याहून स्वस्त पैसा मिळत नाही. त्यातला निम्मा तुम्ही पॉलिसीत घालता. मग रोपे, ठिबकचे सामान, खते आणि औषधे यांच्यासाठी पैसा उरत नाही, म्हणून माल उधारीवर येतो आणि त्यावर, तुम्हीच लिहिल्याप्रमाणे, दरमहा शेकडा दोन द्यावे लागतात. दीड लाखाची उधारी आठ महिने राहिली, तर व्याज २४ हजार. तीन वर्षांचे ७२ हजार झाले. म्हणजे वर्षाला चोवीस टक्क्यांनी पैसे उचलून ते साडेपाच टक्क्यांनी गुंतवण्याचा हा व्यवहार आहे. शिवाय मार्चमध्ये कोणाकडून तरी चार दिवसांसाठी रक्कम आणून तुम्ही कर्ज नवे-जुने करता, म्हणजे जुने फेडून लगेच नवे उचलता. ज्या वर्षी मे महिन्याच्या वादळात बाग आडवी होईल, त्या वर्षी ते चार दिवसांचे पैसे कोणी देणार नाही. खाते थकेल आणि व्याजाची सवलतही जाईल. हप्ता खिशाला जाणवत नाही असे तुम्ही लिहिता, पण तुमची बाग तो दर हंगामात भरत आहे.

आता काय करायचे, ते सांगतो. पॉलिसी हाती पडल्यावर ती परत करण्याची जी मुदत असते, ती केव्हाच संपली. ती आज मोडली तर भरलेल्या साडेचार लाखांपैकी किमान दरानुसार दीड ते सव्वादोन लाखच हाती येतील. त्यापेक्षा ती ‘पेड-अप’ करणे बरे: पुढचे हप्ते बंद करायचे, पॉलिसी कमी रकमेने चालू राहते आणि मुदतीअखेर ठरलेल्या रकमेचा साधारण तीन-दशांश भाग, म्हणजे अटींनुसार सात लाखांच्या आसपास, मिळतो. सव्वादोन लाख आज घेऊन सात टक्क्यांनी ठेवले, तर बारा वर्षांनी त्यांचे पाच लाख होतील. म्हणून मोडू नका, थांबवा. मात्र दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय कोणत्याही अर्जावर सही करू नका. पूर्ण मुदत चालवली तर उरलेल्या हप्त्यांवर सहा टक्क्यांच्या थोडे वर सुटतात, हे मी लपवत नाही. ज्याच्याकडे शिल्लक पैसा आहे त्याने ती चालू ठेवली तर मी भांडणार नाही. तुमच्याकडे तो नाही.

त्याचबरोबर तक्रारही करा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी, सोबत ते वेगळ्या हस्ताक्षरातले पान आणि तुमचा सात-बारा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते आणि तेथे शुल्क लागत नाही. पूर्ण रक्कम परत मिळेलच असे वचन मी देत नाही, पण उत्पन्नाचा रकाना तुमच्या बाजूने बोलतो.

घरात पाच माणसे एका बागेवर अवलंबून असताना १५ लाखांचे विमा संरक्षण अगदीच अपुरे आहे. तुमच्या वयाला एक कोटीचा निव्वळ मुदत विमा (फक्त मृत्यू झाला तरच रक्कम देणारा) वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास मिळावा, आणि सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही लागत नाही. आरोग्य विम्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. तो नसेल तर हेडसेटच्या आधी तो घ्या.

आता व्हीआर. हे तंत्रज्ञान कालचे नाही. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसवायचे पहिले यंत्र १९६८ मध्ये दाखवले. निन्टेंडो या जपानी गेम कंपनीने १९९५ मध्ये ‘व्हर्च्युअल बॉय’ हे डोळ्यांना लावून खेळायचे यंत्र बाजारात आणले आणि वर्षभरात गुंडाळले. २०१२ मध्ये ऑक्युलस या हेडसेट कंपनीने लोकवर्गणीतून पैसा उभा केला, २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी २ अब्ज डॉलरना घेतली आणि तेव्हापासून ‘पुढचे वर्ष व्हीआरचे’ हे वाक्य आपण ऐकत आलो आहोत. फेसबुकच्या, म्हणजे आताच्या मेटाच्या, व्हीआर विभागाचा तोटा एकट्या २०२४ मध्ये १७.७ अब्ज डॉलर होता. आपल्या हिशेबात सुमारे दीड लाख कोटी रुपये. ॲपलने त्याच वर्षी ३,४९९ डॉलरचा हेडसेट आणला, तो सामान्य खेळाडूच्या आवाक्यातलाच नव्हता. संगणकावर खेळणाऱ्यांच्या स्टीम या दुकानाच्या मासिक पाहणीत हेडसेट वापरणारे वर्षानुवर्षे एक-दोन टक्क्यांच्या आसपासच राहिले आहेत.

म्हणून हे तंत्र खोटे आहे, असे मी म्हणणार नाही. ‘बीट सेबर’सारखा हात हलवून खेळायचा खेळ, किंवा बसल्या जागी गाडी आणि विमान चालवण्याचे खेळ हेडसेटमध्ये खरोखरच वेगळा आनंद देतात, आणि २९९ डॉलरचे हेडसेट आल्यापासून घरोघरी वापरही वाढला आहे. अडचण शरीराची आहे: डोळ्यांना आपण धावतो आहोत असे दिसते, कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण उभे आहोत, आणि बऱ्याच जणांना मळमळते. त्यामुळे गेमिंगमध्ये व्हीआरला एक कायमचे दालन मिळेल, पण फोन हातातून सुटणार नाही, असे माझे मत आहे.

तथापि माझा अंदाज चुकला आणि तुमचा खरा ठरला, असे धरून चालू. तरीही सेंटर काढणे शहाणपणाचे ठरत नाही. वीस वर्षांपूर्वी भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर येथे सायबर कॅफे काढणाऱ्यांचा अंदाज शंभर टक्के बरोबर होता: इंटरनेट सर्वत्र पोहोचले. ते खिशातल्या फोनवर पोहोचले आणि कॅफे बंद पडले. हेडसेट स्वस्त झाले, तर मुले ते घरी घेतील. महागच राहिले, तर खेळ मूठभरांचा राहील. तुमच्या गाळ्याला कमाईसाठी मधला अरुंद काळ तेवढा उरतो. आयमॅक्ससारख्या जगभर सिनेमाचे पडदे असलेल्या कंपनीने २०१७ पासून व्हीआरची सात केंद्रे उघडून पाहिली आणि २०१९ च्या सुरुवातीपर्यंत ती सगळी बंद केली. नवलाई एकदा पाहून झाली की तोच मुलगा दुसऱ्यांदा कशासाठी येईल, याचे उत्तर तुमच्या पत्रात नाही.

६० गिऱ्हाइकांचा आकडा तुम्ही दिवाळीत पुण्याच्या मॉलमधली रांग पाहून धरला आहे. दिवाळीची रांग हा बाराही महिन्यांचा आधार होऊ शकत नाही. भाडे २५ हजार, दोन मुलांचा पगार २४, एसीसकट वीज ९, व्यावसायिक परवान्याचे खेळ १० (घरगुती वापरासाठी घेतलेला खेळ पैसे घेऊन लोकांना खेळवता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते), सोनेतारणाचे व्याज ४ आणि किरकोळ ८, असे महिन्याला ८० हजार. सहा लाखांची सामग्री तीन वर्षांत जुनी होते, त्याचे दरमहा १७ हजार. म्हणजे रोज २२ गिऱ्हाइके आली तर तुम्ही बरोबरीत, तेही तुमची स्वतःची मजुरी शून्य धरून. आणि हे दहावी-बारावीच्या परीक्षांत तसेच जळगावच्या ४४ अंशांच्या दुपारीही घडले पाहिजे. त्या उन्हात चालत आलेल्या मुलाच्या कपाळाचा घाम आणि केसांचे तेल हेडसेटच्या फोममध्ये मुरते, भिंगावर वाफ धरते, आणि प्रत्येक खेळानंतर पाच मिनिटे पुसण्यात जातात. ६० जण खरोखर आले, तर वर्षाची उलाढाल ३२ लाखांवर जाऊन जीएसटीची नोंदणी करावी लागेल आणि १५० मधले २३ रुपये त्यात जातील. शिवाय घड कापणीला आले असताना तुम्ही यावलला असणार की जळगावला?

सोने तारण ठेवू नका आणि शालकांचे पैसे घेऊ नका. हौस खरी असेल तर एकच हेडसेट व्यावसायिक परवान्यासह स्वतःच्या पैशातून घ्या आणि डिसेंबरमध्ये सारंगखेड्याच्या यात्रेत चार दिवस बसून पाहा. नवलाईच्या धंद्याला रोज नवी माणसे लागतात, ती यात्रेत मिळतात. किती जणांनी पैसे दिले, किती जणांनी मध्येच काढून ठेवले आणि कोण दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, याची वहीत नोंद ठेवा.

कांदेबागेच्या पाच लाखांतून आधी कृषी केंद्राची उधारी पूर्ण फेडा. दीड लाख तीन-चार महिन्यांच्या घरखर्चासाठी खऱ्या मुदत ठेवीत ठेवा, आणि ती पावती घेताना तिच्यावर ‘प्रीमियम’ हा शब्द नाही ना, हे मुलीच्या शिक्षकांकडून वाचून घ्या. उरलेल्यातून दोन्ही विमे घ्या आणि पुढच्या लागवडीचा खर्च रोखीने करा. या आठवड्यात मात्र एकच काम आहे: बँकेत जाऊन हप्ता परस्पर वळता करण्याची परवानगी रद्द करण्याचा लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. पेड-अपचा आकडा आला की तो मला कळवा.