शॉपमधलं वातावरण सुधारायचं तर आधी खरं बोलायची भीती घालवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या उद्यमबागेत तुमचं तीसेक माणसांचं मशिन शॉप, म्हणजे धातूचे पार्ट मशिनवर कापून बनवायचा कारखाना आहे. पोरं शिकून तयार झाली की गोव्यात वेर्ण्याला नाहीतर पुण्याजवळ चाकणला निघून जातात, रिजेक्शन (मापात न बसल्याने टाकून द्यावा लागणारा माल) वाढत चाललंय, आणि कामाचं वातावरण चांगलं राहून उत्पादनही वाढावं म्हणून एखादा मोटिव्हेशनचा कार्यक्रम ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय.

कार्यक्रम ठेवू नका. ते पैसे कूलंट (कापताना टूल आणि पीस थंड ठेवायला सोडतात ते तेलमिश्रित पाणी) बदलायला आणि बायकांच्या संडासाला लावा. का, ते सांगतो.

मी बेळगावातच हायड्रॉलिकचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रॉडक्शन बघतो. त्याआधी दुसऱ्या एका शॉपमध्ये सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर) ऑपरेटर आणि मग सेटर, म्हणजे मशिन लावून देणारा, होतो. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. शॉपमधला माणूस सुपरवायझरला खरं काय ते न घाबरता सांगू शकतो की नाही, यावर वातावरणही ठरतं आणि उत्पादनही. या दोन गोष्टी वेगवेगळ्या सुधारायला जाऊ नका, त्या एकच आहेत.

रिजेक्शनपासून सुरू करतो, कारण तुमचा पैसा तिथेच जातोय. मी आधी होतो त्या शॉपमध्ये पीस खराब झाला की त्याची किंमत पगारातून कापायचे. सेकंड शिफ्टला एका पोराकडे सिलिंडर कव्हरचं बोअरिंग, म्हणजे आतलं भोक (बोअर) मापात कापणं, चालू होतं. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजला की बोअर बारीक येतो, म्हणून तो ऑफसेट (टूल किती सरकवायचं तो आकडा) द्यायला गेला आणि ०.०१ मिमीच्या जागी ०.१ दाबलं. पुढचा बोअर मोठा झाला. बारीक बोअर परत मारता येतो, मोठा झालेला पीस गेलाच. त्या पोराने इकडेतिकडे बघितलं, पीस उचलला आणि चिप्सच्या (कापून निघालेल्या धातूच्या चुऱ्याच्या) ट्रॉलीत खाली दाबून टाकला. पगार वाचला त्याचा. महिनाअखेरीला कास्टिंगचा (फाउंड्रीतून ओतून येणाऱ्या कच्च्या पीसचा) हिशेब जुळेना म्हणून फाउंड्रीवाल्याशी भांडण झालं, आणि तशीच चूक दुसऱ्या मशिनवर, दुसऱ्या माणसाकडून होतच राहिली. पीस लपला की त्याचं कारणही लपतं, आणि कारण कळल्याशिवाय रिजेक्शन कमी होत नाही.

हीच चूक आमच्या सध्याच्या कारखान्यात झाली तेव्हा ऑपरेटरने पीस खराब मालासाठी ठेवलेल्या लाल पेटीत ठेवला, वर खडूने मशिन नंबर आणि ‘ऑफसेट चुकला’ एवढं लिहिलं आणि सेटरला हाक मारली. सेटर ओरडला नाही. फानुकच्या कंट्रोलमध्ये (मशिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये) एका वेळी ऑफसेट किती बदलता येईल याची मर्यादा पॅरामीटरमध्ये घालता येते, ती त्याने त्याच मशिनला घातली आणि मग त्या लाइनच्या सगळ्या मशिनना. आता कोणी थकून चुकीचा आकडा दाबला तरी मशिन घेतच नाही. एक पीस गेला आणि ती चूक कायमची बंद झाली. पीस चिप्समध्ये गेला असता तर हे कधीच झालं नसतं.

म्हणून प्रत्येक मशिनजवळ लाल पेटी ठेवा. शिफ्ट संपताना सेटर, क्वालिटीचा माणूस आणि ऑपरेटर यांनी तिथेच उभं राहून दहा मिनिटं बोलायचं. विचारायचं काय ते ‘काय झालं’. ‘कोणी केलं’ हे विचारायचंच नाही, ते पीसवरच्या मशिन नंबरवरून कळतंच. आणि पीसचे पैसे कापणं आजच बंद करा. कायद्यानेसुद्धा दंड त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही, आणि दंड असो की नुकसानीची कपात, माणसाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय लावताच येत नाही. आपल्याकडच्या किती शॉपमध्ये हे पाळलं जातं ते तुम्हाला माहीत आहे. टोयोटाच्या कारखान्यात तर लाइनवरच्या साध्या कामगारालाही गडबड दिसली की दोरी ओढून लाइन थांबवायचा अधिकार असतो. तिथे दोरी ओढणाऱ्याला कोणी शिव्या घालत नाही. आपल्याला दोरी नको, निदान हाक मारायची सोय तरी हवी.

आता कूलंट. हे वाचून तुम्हाला वाटेल की वातावरणाचा आणि कूलंटचा काय संबंध. सोमवारी फर्स्ट शिफ्टला मशिनचा दरवाजा उघडून बघा. रविवारभर टाकी बंद राहिली की वर स्लाइडवेचं (मशिनच्या सरकत्या भागांचं) तेल तरंगतं, खाली हवा मिळत नाही आणि त्यात जंतू वाढतात. सडलेल्या अंड्यासारखा वास येतो तो त्यामुळे. त्याच कूलंटमध्ये माणूस आठ तास हात घालतो. बोटांच्या बेचक्यांत खाज, मग भेगा. पोरं सांगत नाहीत, कारण सांगितलं की ‘तुलाच बरी खाज येते’ असं ऐकायला मिळतं. ती घरी मलम लावतात आणि सहा महिन्यांनी दुसरीकडे नोकरी बघतात. जाताना कारण विचारलं तर पगार सांगतात. वरचं तेल रोज काढा, रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबावरून प्रमाण दाखवणाऱ्या छोट्या उपकरणाने) कूलंटमधलं तेल-पाण्याचं प्रमाण आठवड्यातून दोनदा तपासा, रविवारी पंप थोडा वेळ फिरवा किंवा टाकीत हवा सोडा, आणि ठरलेल्या मुदतीत टाकी धुऊन नवीन भरा. टूलचं आयुष्य वाढेल ते वेगळंच. तुमची फाउंड्री असती तर मी हेच वाळूच्या धुळीबद्दल लिहिलं असतं. फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करताना) नाकावर रुमाल बांधून भागत नाही, कारण सिलिकोसिस हा धुळीचा रोग एकदा फुफ्फुसात बसला की बरा होत नाही.

सुट्टीचंही तसंच आहे. आपल्याकडे बेळगुंदी, बिजगर्णी, खानापूरकडची बहुतेक पोरं शेतकऱ्याघरची. जून-जुलैत भाताची रोपलावण, दिवाळीच्या पुढेमागे सुगी. त्या दिवसांत घरच्यांना माणूस लागतोच, मजूर मिळत नाही. सुट्टी मागितली तर ‘ऑर्डर आहे, जमणार नाही’ म्हणून सांगता. मग सकाळी फोन येतो, मावशी वारली. मशिन बंद, तुम्ही चिडलेले, आणि पोरगं परत आल्यावर नजर चुकवतंय. एका खोट्यावर पुढचे चार महिने जातात. मे महिन्यातच मोठ्या कागदावर जून ते नोव्हेंबर आखून भिंतीवर लावा. रोपलावण, गणपती, सुगी, गावची जत्रा, ज्याला जे दिवस पाहिजेत ते त्याने स्वतः लिहायचे. एकाच मशिनवरचे दोघे एकाच दिवशी आले तर ते आपसात ठरवतात. तुम्हाला मध्ये पडावंही लागत नाही. आमच्याकडे हे सुरू झाल्यापासून न सांगता दांडी मारणं जवळजवळ थांबलंय, आणि मला आधीच कळतं की कोणत्या आठवड्यात किती मशिनं चालणार. गिऱ्हाईकाला खोटी तारीख द्यावी लागत नाही.

भाषेचा मुद्दा बाहेरच्या पुस्तकात सापडणार नाही, पण आपल्याकडे तो टाळता येत नाही. तुमच्या शॉपमध्ये मराठी पोरं असतील, गोकाक-बैलहोंगलकडची कन्नड पोरं असतील, बिहार-ओडिशाची हिंदी बोलणारी असतील, आणि ड्रॉइंग इंग्रजीत. सेटर समजावून सांगतो आणि शेवटी विचारतो, ‘समजलं का?’ उत्तर नेहमी ‘हो’ येतं. न समजलेला माणूस चारचौघांत ‘नाही’ म्हणत नाही. म्हणून ‘समजलं का’ विचारू नका, ‘आता तू काय काय करणार ते मला सांग’ म्हणा. तो ज्या भाषेत सांगेल त्या भाषेत ऐका. कुठे अडलंय ते दोन मिनिटांत कळतं. सेफ्टीच्या पाट्या, पहिल्या पीसची तपासणी, आग लागली तर काय करायचं, एवढं तरी मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्हीत लावा. मला सगळ्यात समाधान कशाचं वाटतं सांगू? आमचा मराठी हेल्पर कन्नड सेटरला ‘अण्णा, हेळ्री’ (दादा, सांगा) म्हणून बोलवतो आणि तो सेटर त्याला मराठीत समजावतो. हे आपोआप झालेलं नाही. १ नोव्हेंबरला गावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडे बेळगाव महाराष्ट्रात आलं नाही म्हणून मराठी माणूस काळा दिन पाळतो. मी मराठी आहे, माझ्या भावना मला आहेत, आणि मी त्या लपवत नाही. पण गेटच्या आत भाषेवरून कोणी कोणाला टोचून बोललं तर ते मी चालू देत नाही, बोलणारा कोणत्याही भाषेचा असो. टोमणा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी शंका विचारायला येत नाही, आणि न विचारलेल्या शंकेचा पीस शेवटी लाल पेटीत जातो.

बायकांबद्दल वेगळं लिहितो, कारण बहुतेक मालक हे विसरतात. इन्स्पेक्शन आणि पॅकिंगला अनगोळ-वडगावच्या बायका असतात. संडास आवाराच्या दुसऱ्या टोकाला, कडी मोडलेली, पावसात जायचं तर चिखलातून. मग त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. दुपारनंतर डोकं दुखतं, गेजवरचा आकडा वाचायला चूक होते, आणि ‘बायकांचं लक्ष नसतं’ असं कोणीतरी म्हणतं. ही गोष्ट त्या पुरुष सुपरवायझरला कधीही सांगणार नाहीत. त्यांच्यातल्याच एखाद्या वयाने मोठ्या अक्कांना विचारायला सांगा आणि त्या जे सांगतील ते त्याच आठवड्यात करा. आणखी एक: दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावीच लागते. अध्यक्ष बाईच असायला हवी, निम्म्या सदस्य बायका आणि एक सदस्य बाहेरचा. समितीची नावं भिंतीवर लावा. नुसती फाइलमध्ये असलेली समिती कुणाच्या कामाची नाही.

पगाराबद्दल फार लिहीत नाही. ७ तारखेच्या आत, दर महिन्याला, न चुकता. ओव्हरटाइम दुप्पट दराने. बोनस किमान ८.३३ टक्के. उचलीचा हिशेब त्याच्याही वहीत आणि तुमच्याही. यात गडबड असेल तर वरचं सगळं वाया जातं.

खरी मेहनत सुपरवायझरवर घ्यावी लागते. आपल्याकडे जो उत्तम ऑपरेटर तो सुपरवायझर होतो. त्याला मशिनचं सगळं येतं, माणसाशी कसं बोलायचं ते कोणी शिकवलेलं नसतं. त्याला मशिनच्या आवाजात ओरडायची सवय असते आणि ते ओरडणं रागाचं होतं. त्याला दोन गोष्टी सांगा. चूक दाखवायची ती मशिनजवळ, पीस हातात घेऊन, पीसबद्दल. आणि माणसाच्या वागण्याबद्दल काही बोलायचं असेल तर बाजूला नेऊन, इतरांसमोर नाही. तो हे करतोय की नाही ते बघायला आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः सेकंड शिफ्टला जा. मालक जातो म्हटल्यावर सगळे सावध होतात, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांत काहीच विचारू नका, नुसते फिरा, चहा घ्या.

हे सगळं मोठ्या कंपन्यांचं काम आहे असं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्याकडे बघा. गुर्लहोसूरला १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगरापर्यंत आले. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी केली तेव्हा कारखान्याबरोबर माणसांची घरंही उभी केली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी राखणदारीसाठी विश्वास टाकला. तेव्हा ते काही मोठे भांडवलदार नव्हते.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. लाल पेटी ठेवल्यावर पहिले दोन-तीन महिने तुमचं रिजेक्शन वाढलेलं दिसेल. घाबरू नका. आजवर चिप्समध्ये जाणारे, चांगल्या मालात मिसळले जाणारे पीस आता उजेडात येतायत, एवढाच त्याचा अर्थ. नेमका याच वेळी बरेच मालक आकडा बघून चिडतात, पेटीत पीस टाकणाऱ्याला केबिनमध्ये बोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी होते. तो आकडा तीन महिने कुणाच्याही नावाशी जोडू नका, उत्पादनाचा इन्सेंटिव्हही त्या काळात त्याला बांधू नका. नंतर द्यायचा असेल तर एकट्याला पीसवर न देता त्या लाइनच्या सगळ्यांना मिळून, पास झालेल्या मालावर द्या. पहिल्या महिन्याच्या पेटीतली कारणं लिहून काढा आणि मशिनप्रमाणे वेगळी करा. इन्सर्ट, ऑफसेट, क्लॅम्पिंग (पीस पकडणं) की कास्टिंगमधला ब्लो होल (ओतताना हवेने राहिलेली पोकळी), ते कळलं की पुढे काय करायचं ते तुमचा सेटरच सांगेल. बोअरिंगच्या कारणांची यादी कमेंटमध्ये टाका, आमच्याकडे कशावर काय उपाय चालला ते मी लिहीन.