बाबांचं हिमोग्लोबिन उतरलं, गोळी बंद करायची का?

तुम्ही विचारलंय की एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) बाबा अपिक्साबॅन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात आणि त्यांचं हिमोग्लोबिन उतरलंय, तर ती बंद करायची का. आधी महत्त्वाचं: गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. अपिक्साबॅनचा असर दीड-दोन दिवसांत ओसरतो आणि एट्रियल फिब्रिलेशनमध्ये गुठळी होऊन पक्षाघात व्हायचा धोका पुन्हा उभा राहतो.

आता रिपोर्टकडे. आठ महिन्यांत हिमोग्लोबिन १३.४ वरून ११.२, म्हणजे २.२ ग्रॅमची घट. 'या वयात एवढं चालतंच' असं कुणी म्हणालं तरी सोडून देऊ नका. औषधांच्या चाचण्यांमध्ये रक्तस्रावामुळे हिमोग्लोबिन २ ग्रॅम किंवा जास्त उतरलं, तर तो मोठा रक्तस्राव धरतात. मी लॅबमध्ये काम केलंय. लोक रिपोर्टवरचा ठळक आकडा तेवढा बघतात, मागचा रिपोर्ट काढून शेजारी ठेवत नाहीत. खरी माहिती तिथेच असते.

अपिक्साबॅन रक्त गोठवणाऱ्या एका घटकाला (दहावा, सक्रिय) अडवतं. तांबड्या पेशी तयार होण्याशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे प्रश्न असा की रक्त जातंय कुठे? पोटातला अल्सर, आतड्यातला पॉलिप, मूळव्याध, कधी आतड्याचा कॅन्सरसुद्धा. एरवी गुपचूप राहिलं असतं ते या गोळीमुळे लवकर वाहू लागतं आणि सापडतं. एका अर्थी हे बरंच.

तुम्ही एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ८८ वरून ७६ झाल्याचं लिहिलंय. पेशी लहान होत चालल्यात, म्हणजे बहुधा लोह कमी पडतंय आणि हे बरेच दिवस चाललंय. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), शौचातलं लपलेलं रक्त आणि क्रिएटिनिन या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. क्रिएटिनिन यासाठी की मूत्रपिंड मंदावलं तर औषध अंगात जास्त साठतं, आणि मूत्रपिंडाच्या बिघाडामुळेही हिमोग्लोबिन उतरतं. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, यांपैकी दोन गोष्टी जुळल्या तर डोस अडीच मिलिग्रॅम करतात. तो निर्णय त्यांचा.

लोहाच्या गोळ्या मात्र घाईने सुरू करू नका. शौच काळं होतं, मग रक्तामुळे की लोहामुळे ते कळत नाही.

गुडघेदुखीसाठी बाबा डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतात का, जुनी ॲस्पिरिन चालू राहिलीय का, तेही बघा; या औषधांनी रक्तस्राव वाढतो. माझ्या पाहण्यात निम्म्या घरांत चोर इथेच सापडतो.

प्लेटलेट १.६ लाख आहेत, त्याची काळजी नको. या गोळीने त्या सहसा कमी होत नाहीत. पण पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यूची शंका धरून लगेच तपासा आणि गोळीबद्दल डॉक्टरांना आधी सांगा. प्लेटलेट ५० हजारांखाली गेल्या की गोळीचा फेरविचार करावा लागतो.

डांबरासारखं काळं, चिकट शौच, चक्कर किंवा दम लागणं दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इमर्जन्सी गाठा.