सतारीसोबत दुसरा छंद: कान मोकळे ठेवणारा निवडा

तुमचा प्रश्न मला असा समजला. सतार बरीच वर्षं चालू आहे आणि ती सोडायची नाही. पण हिंजवडीहून कोथरूडला पोचेपर्यंत रात्र होते, शेजाऱ्यांमुळे दहानंतर वाजवता येत नाही, आणि झोपायच्या आधीच्या त्या तासाभरात घरीच हाताने काहीतरी करावंसं वाटतं. क्रोशे, मातीकाम, मोडी आणि वह्या बांधणं अशी चार नावं तुम्ही दिली आहेत. घरचे मात्र "एक ना धड, भाराभर चिंध्या" म्हणताहेत.

मीही सतारच वाजवते, त्यामुळे आडपडदा न ठेवता सांगते: जरूर करा, आणि चारांतलं वह्या बांधणं घ्या.

आधी घरच्यांच्या काळजीबद्दल. दोन छंद एकाच वेळेवर हक्क सांगायला लागले की चिंध्या होतात. तुमच्याकडे तो तंटाच नाही. पहाटेचा रियाज आहे तिथेच राहणार आहे. रात्रीचा तास एरवीही सतारीच्या वाट्याला येत नाही, तो फोनमध्ये जातो. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की रात्रीचं काम सकाळच्या हाताला आणि कानाला त्रास देईल की मदत करेल. मी निवड याच कसोटीवर करते.

मातीकाम मला मनापासून आवडतं, तरी सतारीच्या माणसाला मी ते सुचवत नाही. डाव्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर पडलेले घट्टे ही तुमची इतक्या वर्षांची कमाई आहे. मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकताना, तार त्यांच्याच जोरावर ओढली जाते. चिखलात तासभर हात ओले राहिले की घट्टे मऊ पडतात, आणि दुसऱ्या दिवशी तार बोटात रुतते. शिवाय फ्लॅटमध्ये चाक आणि भट्टी कुठे ठेवणार, आणि गाळ मोरीत गेला की ती तुंबणार. वर्षातून एकदा शाडूचा गणपती करा, तेवढं पुरे.

क्रोशाच्या सुया आणि दोरे तुळशीबागेत सहज मिळतात, पसारा पिशवीत मावतो. माझी शंका मनगटाबद्दल आहे. सतारीचे "दा रा" हे बोल वाजवणारं उजवं मनगट दिवसभर माउसवर असतं, आणि क्रोशात पुन्हा त्याचीच तीच ती बारीक हालचाल होते. मनगट आधीच कुरकुरत असेल तर नको.

मोडीचा मोह मलाही आहे. आधी पानभर शिरोरेषा ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं सोडत जायची, यात लयीचा आनंद आहे. पुण्यात राहून तो घ्यायचा नाही तर कुठे? सदाशिव पेठेत १९१० सालापासून भारत इतिहास संशोधक मंडळ उभं आहे आणि पेशवे दफ्तराचे मोडी कागद इथल्याच पुरालेखागारात आहेत. पण मोडी वाचताना डोकं पूर्ण गुंतलेलं असतं, शेजारी गाणं लावलं तर दोन्ही जातं. दिवसभर स्क्रीन वाचून आलेल्या माणसाने रात्री तिच्या वाटेला जाऊ नये. रविवारी दुपारी बसा.

वह्या बांधताना कान मोकळे राहतात. पहिले काही दिवस लक्ष सुईत असतं; हात बसला की यमन रागाचा अख्खा आलाप ऐकत बसता येतं. नोकरीमुळे ज्यांचं ऐकणं मागे पडलं आहे त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. घरच्यांना हेच सांगा: रात्रीचा हा तास सतारीलाच परत मिळतोय.

आणि वही तुम्हाला लागतेच. बाजारची चिकटवलेली वही मांडीसमोर जमिनीवर उघडी राहत नाही, गत (तालात बांधलेली सतारीची रचना) मध्यावर आली की पान मिटतं. जुजबंदीची वही सपाट पडते, कारण तिची पानं दोऱ्याने शिवलेली असतात. शिवाय आखणी आपल्या मनासारखी करता येते. मी सोळा मात्रांच्या तीनतालासाठी ओळीत सोळा घरं आखते, चार-चारांवर जाड रेघ, आणि दोन ओळींमध्ये भरपूर जागा सोडते. स्वर लिहायच्या भातखंडे पद्धतीत तार सप्तकाचं टिंब स्वराच्या वर, मंद्राचं खाली आणि कोमल स्वराखाली आडवी रेघ येते. दाट ओळींत हे सगळं एकमेकांत घुसतं.

कृतीत नवीन माणसाचं अडतं ते कागदाच्या ग्रेनपाशी, म्हणजे तंतूंच्या दिशेपाशी, म्हणून तेवढं नीट सांगते. यंत्रावर बनलेल्या कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेला असतात. कागद हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने कमी जोर लागतो ती घडी ग्रेनच्या दिशेची. वहीची पाठ याच दिशेला यायला हवी, नाहीतर खळ लागली की कागद उलट्या अंगाने फुगतो आणि वही कायमची वाकडी बसते. झेरॉक्सच्या ए-फोर कागदाचा ग्रेन सहसा लांबीत असतो, त्यामुळे तो मधोमध दुमडला की नेमका आडवा येतो. म्हणून अप्पा बळवंत चौकातून मॅपलिथोचा (छपाईच्या पांढऱ्या कागदाचा) मोठा ताव घ्या आणि दिशा बघून घरी कापा. वेष्टनाला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद सुंदर दिसतो, आणि हातकागदात ग्रेनची कटकट जवळपास नसतेच.

चार कागद एकात एक दुमडले की सोळा पृष्ठांचा एक जुज होतो. घडीवर दाभणाने भोकं पाडा, दोऱ्याला मेण लावा, आणि प्रत्येक जुजाच्या टोकाला सुई खालच्या जुजाच्या टाक्यात अडकवून वर या. दाभण धरताना डाव्या तर्जनीवर अंगुस्तान चढवाच. त्या बोटाला टोचलं तर रियाज बुडाला. खळ मैद्याची शिजवा. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, पण ते विषारी असतं. घरात लहान मूल असेल तर घालू नका, लागेल तेवढीच ताजी खळ करा.

दुसरा छंद पहिल्याला मागे टाकेल का, असंही तुम्ही विचारलंत. टाकू शकतो. बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयाचे दिनकर केळकर चष्म्याचं दुकान सांभाळत, 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहीत आणि जोडीला जुन्या वस्तू जमवत. आज लोक त्यांना ओळखतात ते अडकित्ते, दिवे आणि वाद्यांच्या त्या संग्रहामुळे, जो त्यांनी १९७५ साली राज्य शासनाला देऊन टाकला. त्यांच्या बाबतीत काही वाया गेलं असं मला अजिबात वाटत नाही. तुमच्या बाबतीत तशी चिन्हं दिसली तर तेव्हा बघू.

मला भीती वेगळीच वाटते. दोन वह्या चांगल्या झाल्या की मावशी, ऑफिसातली मंडळी, सोसायटीतले सगळे "मलाही एक करून दे" म्हणतील, आणि दिवाळीच्या तोंडावर तुमचा रात्रीचा तास ऑर्डरी पुऱ्या करण्यात जाईल. पहिलं वर्षभर कोणालाही हो म्हणू नका, पैसे देत असले तरी.

क्लास लगेच लावायची गरज नाही. रद्दीच्या दुकानातून जुनं शिवलेलं पुस्तक आणा आणि पाठीकडून सावकाश उसवा. दोरा कुठून आत जातो, कुठे गाठ घेतो, कुठे पट्टीवरून वळतो, ते डोळ्यांनी बघून कागदावर काढून ठेवा. मग त्याच भोकांतून तेच पुस्तक पुन्हा शिवा. जमलं नाही तर पाठीचा फोटो इथे टाका, टाका कुठे चुकतोय ते सांगते.