जटपुरा दरवाजा भंगारातून घडवताना

बाबू, भंगारातून जटपुरा दरवाजा घडवायचा तर आधी चंद्रपूरला जाऊन जुन्या कोटाच्या त्या दरवाजाखाली तासभर उभा राहा. हत्तीवर चढलेला सिंह, ही गोंड राजांची खूण, डोळ्यांत साठव. फोटोवर भागवू नकोस. मग भंगार धुंडाळ. माझ्या हत्तीची सोंड सायकलच्या चेनची आहे, कान वखराच्या झिजलेल्या पासेचे, म्हणजे त्याच्या लोखंडी पात्याचे. मातीत घासून घासून पास कडेला पातळ होते, तो पातळपणाच कानाला शोभतो. ती ग्राइंडरने सरळ करू नकोस. आणि गंजावर रंग तर मुळीच फासू नकोस! तारेच्या ब्रशने सुटा गंज काढ, जवसाचं तेल चोळ, पुसून वाळू दे. कमानीला कवेलू, म्हणजे छपराची मातीची कौलं, जुनीच घे, हाताने थापलेली. आमच्याकडे आता मोजक्याच घरांवर उरलीत. पाया जड हवा. माझा पहिला हत्ती वादळात पालथा झाला, तेव्हापासून मी खाली बैलगाडीच्या चाकाची धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, घालतो.