पायाच्या ब्लॉकेजसाठी डॉपलर झालं. आता सीटी अँजिओ की थेट अँजिओग्राफी?

तुम्ही लिहिलंय, वडील ६४ वर्षांचे, मधुमेह जुना, क्रिएटिनिन १.९ (म्हणजे किडनी कमजोर), पायाच्या अंगठ्याची जखम भरत नाही. एक सर्जन सीटी अँजिओ सांगतात (हाताच्या शिरेतून डाय, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध, देऊन सीटी स्कॅन), दुसरे थेट अँजिओग्राफी (धमनीतच नळी घालून डाय सोडतात आणि एक्स-रे काढतात). यात उगाच पैसे कोण काढतंय, असा तुमचा सूर दिसतो. मी रेडिओलॉजिस्ट आहे, पायांचे डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, रोज करते. मला तरी दोघांच्याही सांगण्यात गैर काही दिसत नाही.

बायपास (ब्लॉकला वळसा घालून रक्ताला नवी वाट जोडणं) करायचा तर ब्लॉकच्या वर रक्त नीट पोचतंय का आणि खाली पोटरी-पावलात जोडायला एखादी धमनी उघडी आहे का, हे कळावं लागतं. शिवाय जोडायला शीर हवी. मांडीच्या आतल्या बाजूची लांब शीर साधारण ३ मिलिमीटर रुंद भरली तर सहसा चालते. ती सोनोग्राफीवरच मोजतात, ना सुई ना डाय. रिपोर्टमध्ये ते माप नसेल तर करून घ्या.

मांडीतल्या धमन्या डॉपलरवर छान दिसतात, पण कमरेतल्या धमन्या पोटातल्या गॅसमागे दडतात. तिथे सीटी उत्तम. घोडं अडतं गुडघ्याखाली. जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं आणि सीटीवर ते इतकं पांढरं चमकतं की आतून रक्त जातंय की नाही, सांगता येत नाही. (घोट्याचं प्रेशरही त्यामुळे फसवं जास्त येतं. एबीआय, म्हणजे घोट्याच्या प्रेशरला दंडाच्या प्रेशरने भागून येणारा आकडा, १.४ च्या वर असेल तर खूश होऊ नका, अंगठ्याचं प्रेशर मोजायला सांगा.)

म्हणून वडिलांसाठी माझा कल थेट अँजिओग्राफीकडे. त्यात डायच्या आधीचं चित्र नंतरच्या चित्रातून वजा होतं; हाडं पुसली जातात, रक्ताच्या रेघा तेवढ्या उरतात. पाय जरा हलला की चित्र बिघडतं, म्हणून टेक्निशियन सारखा ‘हलू नका काका’ म्हणत असतो. जमण्यासारखं असेल तर तिथल्या तिथे ब्लॉक उघडायला फुगाही घालता येतो. सुई बहुधा जांघेत, मग काही तास पाय सरळ.

किडनीला जपावं लागेलच, कारण आयोडीनचा डाय दोन्हीकडे आहे. अँजिओग्राफीत तो बेताने वापरता येतो, कमर-मांडीपुरता काही ठिकाणी कार्बन डायऑक्साइडही वापरतात. ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) किती आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर थांबवायची का, हे आधी विचारा.

सर्जनकडे जाताना रिपोर्टबरोबर आधीच्या तपासण्यांची सीडीही न्या. आणि अंगठा काळा पडला, पू किंवा ताप आला, तर दुसरं मत वगैरे राहू द्या, त्याच दिवशी ॲडमिट करा.