शेअरचा भाव चढला म्हणून कंपनीचं धोरण बरोबर ठरत नाही
नेटवर्क उपकरणं बनवणारी सिस्को मार्च 2000 मध्ये काही काळ जगातली सर्वाधिक बाजारमूल्याची (म्हणजे सगळ्या शेअरची मिळून किंमत) कंपनी होती. पुढच्या 20 वर्षांत तिची वार्षिक विक्री दुपटीहून जास्त झाली, तरी शेअर त्या शिखराला पोहोचला नव्हता. धंदा चांगलाच होता, मोजलेली किंमत अवास्तव होती.

म्हणून वार्षिक अहवालात नफ्याआधी रोख प्रवाहाचा तक्ता उघडा. कामकाजातून आलेल्या रोखीतून भांडवली खर्च (यंत्रं, इमारती वगैरेंवरचा) वजा करा, मग कर्मचाऱ्यांना शेअररूपात दिलेला मोबदलाही. (तो रोखीत जात नाही म्हणून कंपन्या वगळून दाखवतात, पण भार भागधारकांवरच पडतो.) उरलेली रक्कम बाजारमूल्याच्या जेमतेम 2 टक्के असेल, तर तुम्ही न झालेल्या वाढीचे पैसे आगाऊ देताय. बायबॅकच्या, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याच्या, घोषणेवर भाळू नका. 5 वर्षांत एकूण शेअर खरंच घटले का, ते बघा.