मे महिन्यात फझ रुसतो काहून?

प्रश्न : मी वडसा देसाईगंजकडचा, झाडीपट्टीच्या नाटकात गिटार वाजवतो. वाल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, जुना ॲम्प आहे अन् एका मित्रानं देलेला गोल फझ फेस (गिटारचा आवाज फाटका करणारी पायानं दाबायची पेटी), जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरवाला. हिवाळ्यात रातच्या नाटकाले एक नंबर वाजला. आता लग्नाच्या मांडवात दुपारी लावला तर नुसती फरफर, नोट मधातच मरते. धूळ लागू नये म्हणून ॲम्पवरच ठेवतो. मेकॅनिक म्हणे ट्रान्झिस्टर गेला. फेकू का?

उत्तर : थांबा भाऊ! आधी एक करा, पहाटे पाचला लावून पाहा. गार हवेत बरोबर वाजला तर ट्रान्झिस्टर जित्ता आहे, त्याले ऊन लागलं एवढंच.

जर्मेनियमचा स्वभावच तसा, तापला की आतून करंट गळतो अन् साधारण दर १० अंशाले ही गळती दुप्पट होते. आता हिवाळ्यातली १२-१५ अंशाची रात कुठं अन् मे मधले आपले ४५ कुठं, त्यात तुम्ही त्याले पेटलेल्या वाल्व्हच्या डोक्यावर बसवलं म्हणजे तव्यावरच ठेवलं की बाप्पा. १९६६ चा हा इंग्लंडचा माल, तिथल्या हवेले बनवलेला. त्याच काळातली रेंजमास्टर नावाची आवाज वाढवणारी जर्मेनियमचीच पेटी तर ॲम्पवर ठेवायलेच बनवली होती, पण त्याईले आपला उन्हाळा कुठं माहीत!

तर पेटी खाली सावलीत ठेवा. तरी ऐकत नसंल तर आतल्या दोनपैकी दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायावर मीटर लावा, साडेचार व्होल्टच्या आसपास पाहिजे. तिथल्या ८.२ किलोओहमच्या रेझिस्टरच्या जागी २० किलोओहमचा प्रीसेट, म्हणजे स्क्रूनं कमीजास्त होणारा रेझिस्टर, टाकला की उन्हाळ्या-हिवाळ्याले स्क्रू फिरवून जुळवता येते. मेकॅनिक सिलिकॉनचा बीसी१०८ टाकून देतो म्हणंल, पण तो एनपीएन, जुना पीएनपी, दोघाईचा करंट उलट्या दिशेनं चालते, म्हणजे बॅटरीची दिशा अन् कंडेन्सर सगळं उलटं करा लागते, अन् आवाजही टोचरा होते. मी तरी नाही करणार. ॲम्प मात्र स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आत तीन-चारशे व्होल्ट दबा धरून असतात.

तसाही फझचा जन्म बिघाडातलाच. १९६०-६१ च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओत मिक्सरचं एक चॅनल बिघडलं, गायक मार्टी रॉबिन्सच्या गाण्यात तो फाटका आवाज तसाच राहिला, अन् १९६२ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीनं तसाच आवाज काढणारी पेटी मेस्ट्रो नावानं विकायले आणली, दीड-दीड व्होल्टच्या दोन सेलवर चालणारी.

प्रश्न : मायाकडंही असाच पीएनपीवाला फझ आहे. बाकीच्या पेडलच्याच अडाप्टरवर लावू का?

उत्तर : नका लावू. याचा पॉझिटिव्ह अर्थले असते, बाकीच्याईचा निगेटिव्ह, एका वायरवर आले की सरळ शॉर्ट. साधी नऊ व्होल्टची बॅटरी टाका, करंट इतका कमी घेते की महिनोनमहिने जाते. फक्त वाजवून झालं की गिटारची पिन उपसून ठेवत जा, ती आत असली की पेटी चालूच राहते.